पोशेऱ्याचा चढाव जोडा

काचेच्या कपाटात मांडलेला जोडा मला बघवत नाही. कपड्यांचं तसं नाही. अंगरखा असो, शेला असो, काचेमागे तो शोभतो, आणि त्याची शिवण बघत मी तासभर उभा राहू शकतो. जोड्यापुढे मात्र थांबवत नाही. गेल्या वर्षी लेकीने हौसेने मुंबईचं म्युझियम दाखवायला नेलं, तर जोड्यांच्या दालनातून मी तरातरा बाहेर आलो. ती म्हणाली, "बाबा, उभा जन्म तुमचा असल्याच वस्तूंत गेला, आणि आता तोंड फिरवता?" मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं. खरं कारण आता लिहायला हरकत नाही. त्या गोष्टीतलं माझ्याशिवाय कोणी उरलं असेल असं वाटत नाही.

मी जव्हार संस्थानच्या जामदारखान्यात रफूगार होतो. जामदारखाना म्हणजे राजवाड्यातली किमती कपड्यांची कोठी. दागिन्यांच्या पेट्याही तिथेच असत, पण त्यांच्या किल्ल्या मोठ्या माणसांच्या कमरेला. माझ्या ताब्यात पागोटी, अंगरखे, शेले, लुगडी आणि पायताणं. वडील गावात शिंपीकाम करायचे. सुई त्यांनी हातात दिली आणि बारीक बघणारे डोळे आईकडून आले. मखमलीला गेलेली चीर मी अशी भरून द्यायचो की फाटलं कुठे होतं ते धन्यालाही सापडू नये. याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

जव्हारात कपड्याचे वैरी दोन, कसर आणि पाऊस. कसरीला कडुनिंबाचा पाला आणि कापूर पुरतो. पावसाला काहीच पुरत नाही. आषाढ लागला की चामड्यावर बघता बघता पांढरी बुरशी चढायची. मग कोठीत शेगड्या पेटवायच्या, भाताच्या तुसाच्या पुरचुंड्या बांधून जोड्यांच्या पोटात कोंबायच्या आणि एक दिवसाआड त्या बदलायच्या. कलाबतूचं जरीकाम केलेल्या सपाता होत्या, गुडघ्यापर्यंतचे घोडदौडीचे बूट होते, मुंबईहून आणलेले साहेबी बूट होते. गावातली बहुतेक माणसं अनवाणी चालायची, आणि मी कोणी न घातलेल्या जोड्यांची पोटं भरत बसायचो. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. नोकरी होती.

एका आषाढात खाजगीकडच्या कारभाऱ्यांच्या डोक्यात म्युझियम शिरलं. राजवाड्याच्या घरगुती कामाचा सगळा बंदोबस्त त्यांच्याकडे असे. कुठल्याशा मोठ्या संस्थानात त्यांनी काचेची कपाटं पाहिली होती, आणि श्रावणाच्या अखेरीस एक बडा साहेब मेमसाहेबांसह जव्हारला यायचा होता. झालं. दिवाणखान्याच्या बाजूची खोली रिकामी झाली, सुताराने सागाची कपाटं केली, काचा बैलगाडीतून गवतात गुंडाळून आल्या. त्यातल्या तीन वाटेत फुटल्या. प्रत्येक वस्तूखाली एक पुठ्ठा, त्यावर सुवाच्य अक्षरात वस्तूचं नाव आणि ती कोणाची, असा हुकूम होता.

कपडे भरपूर निघाले. अडलं जोड्यांपाशी. थोरल्या महाराजांचा, म्हणजे गादीवरच्या महाराजांच्या आजोबांचा, एकही जोडा जामदारखान्यात नव्हता. तेव्हा राजवाड्यातला एक म्हातारा हुजऱ्या म्हणाला, "थोरल्या म्हाराजांचा चढाव पोशेऱ्याच्या पाटलाकडं हाय. मी माज्या डोळ्यांनी देताना बघितलाय."

चढाव म्हणजे जुन्या थोरामोठ्यांचा जोडा, वर मखमल आणि जर, पुढे वळलेली चोच. हुजऱ्याने सांगितलेली हकीकत अशी. थोरले महाराज शिकारीला मोखाड्याच्या अंगाला गेले होते. वाटेत ओहोळाला पाणी आलेलं. पोशेऱ्याच्या पाटलाने त्यांना पाठुंगळी घेऊन पार नेलं. पलीकडे गेल्यावर महाराजांनी पायातला चढाव काढून पाटलाच्या हातात दिला आणि शिकारीचे बूट चढवले. चढाव त्याच सकाळी पहिल्यांदा घातलेला, त्यामुळे चावत होता. आता महाराजांनी तो बक्षीस दिला, की नुसता धरायला दिला आणि मागायचं विसरले, हे विचारायची सोय कोणाला होती? पाटलाने तो मान समजून घरी नेला.

कारभाऱ्यांनी मला पोशेऱ्याला धाडलं. कोठी सोडून चिखलात पाय मळवणं मला बिलकुल आवडलं नाही, आणि वाटेभर मी ते पावसाला ऐकवलं. सकाळी निघालो तो दुपार कलताना पोचलो. पाटील वारले होते. घरचा आणि पाड्याचा कारभार पाटलीणबाई बघत होत्या. पन्नाशी उलटलेली, काटक, कमी बोलणारी बाई. हाताशी लग्न झालेला मुलगा. दरबारचं माणूस म्हणून त्यांनी मला घोंगडी अंथरून दिली.

चढाव भाताच्या कणगीवर एका टोपलीत होता. मी तो हातात घेतला आणि खरंच चकित झालो. मखमल काळपट झालेली, पण कुठे कसर नाही, कुठे बुरशी नाही. खुरासणीच्या तेलाचा हात दरवर्षी फिरत होता, आणि दोन्ही जोड्यांच्या पोटात भाताचे दाणे भरलेले होते. मी तुसाच्या पुरचुंड्या करून जे साधत होतो, ते या बाईने माझ्याहून बरं साधलं होतं. हे मी तिथे बोललो नाही.

"गेल्या सालचं भात हाय," त्या म्हणाल्या. "नवं निघालं का पयलं ह्याच्यात, मग आमच्या पोटात. आमच्या घरानं नवं केलं का मग पाड्यावर सगळी करतात."

नवं म्हणजे नव्या भाताचं पहिलं जेवण. आमच्याकडे गावातही ते होत असे, देवापुढे नैवेद्य ठेवला की झालं. इथे देवाच्या जागी जोडा होता, एवढंच मी मनाशी नोंदवलं आणि थोडं हसलोही.

दरबारचा हुकूम मोडायचा त्यांच्या मनात नव्हता. त्यांनी दाणे पदरात ओतून घेतले, जोडा फडक्यात बांधला, आणि माझ्याकडे देताना दोन गोष्टी सांगितल्या.

"दादा, नव्याच्या आधी आनून द्या. आन ह्याच्यात पाय घालू देऊ नका कोनाला. राजाचा पाय लागलाय, दुसरा लागला तर मग त्यात भात भरता यायचं नाय."

"अहो पाटलीणबाई, राजाच्या जोड्यात पाय घालायची छाती कोणाची आहे?" मी म्हणालो. "माझ्या जबाबदारीवर नेतोय."

जव्हारला आल्यावर मी चढाव साफ केला, जरीवरचा थर कापसाने हलकेच पुसला, आणि आतून लाल रंग वर आला. कारभारी खूश झाले. जोडा कपाटात मधोमध ठेवायचं ठरलं. मग त्यांनी विचारलं, "यातला उजवा कोणता?"

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. आपला जुना जोडा सरळ शिवलेला असतो. दोन्ही एकाच फर्म्यावर होतात. उजवा-डावा कारागीर करत नाही, घालणाऱ्याचा पाय करतो, आणि त्याला दीड-दोन महिने लागतात. हा चढाव तर एक सकाळ पायात होता. मी हे सगळं कारभाऱ्यांना सांगितलं. ते स्वतः साहेबी बूट घालत, त्यामुळे त्यांना ते पटेना.

"म्हणजे मेमसाहेबांनी विचारलं तर आपण काय सांगायचं? उलटे मांडले असतील तर हसं होईल. शिंप्याने जोड्यातलं शिकवू नये. एकदा पायात गेलाय ना? मग उजवा-डावा झालाच असणार. शोधून काढ."

कोठीत दार लोटून मी जोडा घेऊन बसलो. एकदा घातलेल्या जोड्यातही पायाचा थोडा कल राहतो. बोटांना तो लागत नव्हता. पायाला लागेल, असं वाटलं. हे कारण खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं की, इतकी वर्षं राजाराजवाड्यांचे जोडे गुडघ्यावर घेऊन बसल्यावर एकदा तरी पाय घालून बघावा, ही इच्छा माझ्यात होतीच. त्या दिवशी तिला निमित्त मिळालं. मी पाय धुतले, पुसले आणि दोन्ही पायांत चढाव घातला. कोठीत उभा आरसा होता. त्याच्यापुढून मी चार पावलं गेलो आणि चार पावलं परत आलो.

मांडी घालून शिवणाऱ्या माणसाचा पाय पसरलेला असतो. वळताना एका जोड्याची मखमल बोटं दुमडतात त्या वळीवर चरकन फाटली. उजवा-डावा तर काही कळलाच नाही. दोन्ही सारखेच चावले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी पाय घालून करून घेतलं.

चीर करंगळीएवढी होती. दोन दिवस बसून मी ती भरली. लाल रेशमाचा धागा एकेरी करून, मखमलीची लव मोकळी सोडून, टाका आतून घेतला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली रफू असेल. नंतर मी भिंगाने पाहिलं, मलाही ती सापडली नाही. कारभाऱ्यांना मी एक जोडा उजवा आणि एक डावा म्हणून दाखवला. त्यांनी मान डोलावली. जोडा कपाटात गेला आणि माझं काळीज जागेवर आलं.

साहेब श्रावणात आले नाहीत. घाटाचा रस्ता खचला होता. मग भाद्रपदात येणार होते, तेव्हा मेमसाहेबांची प्रकृती बिघडली. मग दसऱ्यानंतर बघू, असं पत्र आलं. कपाटांवर धूळ बसत होती, ती पुसायचं काम माझं. पोशेऱ्याची आठवण मला अधूनमधून व्हायची. जोडा साहेबांनी बघितला की नेऊन देऊ, असं म्हणायचो आणि कामाला लागायचो. हळवं भात भाद्रपदाच्या अखेरीलाच कापणीला येतं, हे जव्हारात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मला ठाऊक होतं आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आश्विन लागल्यावर पाटलीणबाईंचा मुलगा बाजाराला आला. बांबूच्या टोपल्या विकायला आणल्या होत्या. राजवाड्याच्या मागच्या दाराशी येऊन त्याने मला निरोप धाडला. मी बाहेर आलो. तो आधीपेक्षा वाळलेला दिसला.

"आईनं इचारलंय, जोडा कदी देता?"

"साहेब यायचेत अजून. आले की लगेच. काय घाई आहे?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आमी नवं नाय केलं अजून."

"भात नाही झालं?"

"झालंय. कनगी भरलीय. जोडा नाय ना घरात."

मला पहिल्यांदा समजेचना. मग विचारलं, मग खाता काय? त्याने सांगितलं, जुनं भात आणि नागली पावसातच संपली होती. नवी नागली अजून शेतात उभी होती. घरातली माणसं कडू कंद खात होती. कडू कंद रानात मिळतो. तो चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवला तरच खाता येतो, आणि कडूपणा नीट गेला नसला तर घसा खाजतो आणि पोट बिघडतं. पाड्यावरची बाकीची घरं पाटलाच्या घरासाठी थांबली होती. काही जणांनी सूर्यमाळ गावच्या नातेवाइकांकडे पोरं पाठवली होती. हे सगळं तो तक्रार न करता सांगत होता. भरल्या कणगीशेजारी बसून ही माणसं माझी वाट बघत होती. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी तडक कारभाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब कधीही येतील, मधलं कपाट मोकळं ठेवू? भात काय, चार दिवसांनी खातील. पायातली वहाण पायातच बरी. डोक्यावर बसवली ती त्यांनी, आम्ही नाही."

जामदारखान्यात एक लाल चढाव पडून होता, कोणाचा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. थोडा मोठा, चोच जरा बुटकी. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटं पुसताना मी तो थोरल्या महाराजांच्या पुठ्ठ्याच्या वर ठेवला आणि पोशेऱ्याचा जोडा फडक्यात बांधून निघालो. पुढे साहेब आले तेव्हा मेमसाहेबांनी त्या बेवारशी चढावापुढे वाकून फार कौतुक केलं. उजवा-डावा कोणीही विचारलं नाही.

पोशेऱ्याच्या वाटेवर मी कुरकुरलो नाही. पाड्यात शिरलो तेव्हा माणसं कामं टाकून पाटलाच्या अंगणात आली. एका पोराला सकाळपासून उलट्या होत होत्या, तो ओटीवर आईच्या मांडीवर पडला होता. घरात नव्या भाताचा वास भरून होता.

पाटलीणबाईंनी हात धुतले आणि जोडा घेतला. साफ केलेला लाल रंग बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आंगठा चोचीपासून मागे फिरवत आणला. एक जोडा झाला. दुसऱ्यावर आंगठा बोटांच्या वळीपाशी आला आणि थांबला. भिंगाने शोधूनही मला न सापडलेली जागा त्यांना श्वास घेईपर्यंत सापडली.

"हितं काय झालं?"

"जुनी मखमल आहे, विरली होती. मी शिवून दिली."

"पाय घातला का कोनी?"

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. हो म्हणालो असतो तर जोडा बाद. मग देवदेवस्की बघणाऱ्या भगताला बोलवा, तो सांगेल ते करा, त्याला किती दिवस लागतील कोणी सांगावं, आणि तोवर पुन्हा कंद. नाही म्हणालो तर आत्ता चूल पेटेल. एवढा विचार मी केला हे खरं आहे. त्या माणसांमध्ये उभं राहून हो म्हणायची मला भीती वाटली, हेही खरं आहे. दोन्हींतलं जास्त कोणतं होतं, याचा निवाडा मला आजही करता येत नाही.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मुलाला हाक मारून कणगीतून नवं भात काढायला लावलं आणि दोन्ही जोडे स्वतःच्या हाताने काठोकाठ भरले. बायकांनी कांडून-सडून ठेवलेले तांदूळ होते, ते चुलीवर चढले. माणसं अंगणातच बसून राहिली. भात शिजेपर्यंत पोरं चुलीपासून हलली नाहीत.

नव्याचा पहिला घास घरातल्या मोठ्याचा असतो. म्हणजे तो पाटलीणबाईंचा. त्यांनी पळसाच्या पानावर गरम भात वाढला, आणि ते पान माझ्यापुढे आणून ठेवलं.

"तुमी आधी."

"अहो, नको. हा मान तुमचा," मी म्हणालो.

"मान नाय," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. "जोडा तुमच्या हातनं आला. तुमच्या बोलावर आमी खानार. तवा पयला घास तुमचा. त्यात काय वंगाळ आसंल त ते तुमच्या पोटात जाईल, माज्या पोरांच्या नाय जायाचं."

मी तोवर असल्या गोष्टींना हसणारा माणूस होतो. त्या दिवशी भात बोटांत घेतला तेव्हा मला हसू आलं नाही. घास तोंडात घातला. तो गरम होता आणि नव्या तांदळाचा म्हणून चिकट होता. गिळायला वेळ लागला. पाटलीणबाई माझ्या गळ्याकडे बघत होत्या. घास खाली उतरलेला त्यांनी पाहिला, आणि मग वळून पोरांना म्हणाल्या, "जेवा आता."